धागा: १८८५ ची ब्रिटिश निवडणूक स्पष्ट लागली असती तर मंडाले खालसा झालं असतं का?

भाट्येखाडी

थिबा पॅलेस बघायला येणाऱ्यांना जी हकिगत सांगितली जाते ती साधारण अशी: ब्रह्मदेशचा राजा थिबा दुबळा, इंग्रजांना सागवान हवं होतं, चौदा दिवसांत राज्य घेतलं आणि राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. खोटं त्यात काही नाही. पण ही लढाई चालू असताना खुद्द इंग्लंडात सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान चालू होतं, ही गोष्ट त्यातून नेहमी गळते. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र बदलतं, म्हणून हा धागा.

८ जून १८८५ ला ग्लॅडस्टन यांचं लिबरल सरकार अर्थसंकल्पावरच्या मतदानात २६४ विरुद्ध २५२ असं पडलं. निवडणूक लगेच घेता येईना, कारण १८८४ च्या कायद्याने मताधिकार वाढला होता, मतदारसंघ नव्याने आखले होते आणि नव्या याद्या नोव्हेंबरशिवाय तयार होणार नव्हत्या. म्हणून हुजूर पक्षाचे सॉल्सबरी यांनी अल्पमतातलं सरकार बनवलं. त्यात भारतमंत्री रँडॉल्फ चर्चिल. ब्रह्मदेशावरच्या लढाईचा निर्णय या मधल्या सरकारने घेतला.

२२ ऑक्टोबरला निर्वाणीचा खलिता गेला, उत्तराची मुदत १० नोव्हेंबर. १४ नोव्हेंबरला फौज हद्द ओलांडून पुढे, १७ ला मिन्हलाचा किल्ला पडला. २४ नोव्हेंबरला इंग्लंडात मतदान सुरू. २८ ला राजधानी मंडाले, २९ ला थिबा राजा आणि सुपायालत राणी आगबोटीवर. मतदान १८ डिसेंबरपर्यंत चाललं. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा केल्याचा जाहीरनामा निघाला. आणि १ फेब्रुवारीला ग्लॅडस्टन पुन्हा पंतप्रधान.

निवडणुकीत लिबरल सगळ्यांत मोठा पक्ष ठरला, तरी जाहीरनामा काढला तो हरलेल्या पक्षाच्या सरकारने. माझा प्रश्न असा की निकाल वेगळा, म्हणजे लिबरलांना स्पष्ट बहुमत देणारा लागला असता, तर लढाईची आणि तिच्यानंतरच्या पाच वर्षांची वाट बदलली असती का?

जयगड_दीपस्तंभ

ताई, प्रश्न चांगला आहे, पण मांडणीत एक गाठ आधी सोडवावी लागेल. निवडणुकीच्या निकालाने लढाई थांबणं शक्यच नव्हतं. पहिलं मत पडलं तेव्हा फौज मंडालेपासून चार दिवसांवर होती. लढाई टाळायची तर फरक ८ जूनच्या मतदानात हवा. तिथे बारा मतांचं अंतर आहे, म्हणजे सात जणांनी बाजू बदलली असती तर सरकार वाचतं. शिवाय लिबरलांचे पुष्कळ सभासद त्या रात्री गैरहजर होते आणि आयरिश सभासद हुजूर पक्षाबरोबर गेले.

निकालाने बदलू शकत होती ती १ जानेवारीची तारीख, आणि इथे तुमचा मुद्दा पक्का बसतो. आकडे बघा: अपक्ष लिबरल धरून लिबरल ३३५, हुजूर २४९, पार्नेल यांचे आयरिश राष्ट्रवादी ८६. पहिल्या दोघांतला फरक बरोबर ८६. आयरिश सभासद ज्या बाजूला बसतील तिकडे काटा झुकणार. त्यामुळे सॉल्सबरींना खुर्ची सोडायची सक्ती नव्हती. ते पार्लमेंट भरेपर्यंत बसून राहिले आणि जानेवारीच्या अखेरीस शेतमजुरांच्या जमिनीच्या मुद्द्यावर पडले.

आता मागचे दाखले. १८६८ मध्ये डिझरायली, १८७४ मध्ये ग्लॅडस्टन, १८८० मध्ये पुन्हा डिझरायली: तिन्ही वेळा स्पष्ट पराभव दिसताच पंतप्रधानांनी पार्लमेंट भरायची वाट न बघता राजीनामा दिला. तोच पायंडा १८८५ ला चालला असता तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ग्लॅडस्टन सरकार आलं असतं आणि खालशाचा कागद नव्या भारतमंत्र्यापुढे गेला असता.

हे बहुमत अशक्य नव्हतं. २१ नोव्हेंबरला पार्नेल यांच्या पक्षाने ब्रिटनमधल्या आयरिश मतदारांना लिबरलांविरुद्ध मत द्यायला सांगितलं. ते पत्रक निघालं नसतं तर लिबरलांच्या काही जागा नक्की वाढल्या असत्या. एवढाच एक बदल करा, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. एकापेक्षा जास्त गोष्टी बदलल्या की मग वाटेल ते सिद्ध होतं.

तांडेल

लढाईच्या तारखा राजकारणाइतक्याच नदीने ठरवल्या, तेही इथे यायला हवं.

इरावती पावसाळ्यात चढते, ऑगस्टच्या सुमाराला सगळ्यांत जास्त पाणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती उतरू लागते, तरी मोठ्या आगबोटी मंडालेपर्यंत बिनधास्त जातात. जानेवारीनंतर वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि मधला खोल पाट दर आठवड्याला जागा बदलतो. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी जे होतं ते तिथे शेकडो मैल. नेहमीचा सुकाणूवाला नसेल तर बोट रुतणारच.

मोहिमेचे सेनापती प्रेंडरगास्ट यांच्या फौजेत सुमारे ९,००० लढणारे, शिवाय जवळजवळ २,८०० बाजारबुणगे-हमाल, ६७ तोफा. रस्त्याने हे न्यायला महिने लागले असते. इरावती फ्लोटिला कंपनीच्या सपाट तळाच्या आगबोटी भाड्याने घेतल्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना पडाव, म्हणजे मालाच्या सपाट बोटी, बांधले. फौज, जनावरं, दाणागोटा पडावांवर, इंजिन मधल्या बोटीचं. लहानमोठी पन्नासच्या वर जहाजं होती. ही जुळवाजुळव इंग्रजांच्या ताब्यातल्या रंगूनला आधीच तयार होती, कारण त्याच बोटी एरवी त्याच नदीत व्यापार करत होत्या. सरकारने फक्त त्या आपल्या कामाला लावल्या.

ब्रह्मी बाजूचं काय चुकलं तेही बघा. पडाव बुडवून नदीचा पाट बंद करायचा बेत होता, राजाच्या नोकरीत इटालियन इंजिनिअर होते. बेत बरोबरच होता. पाट बंद झाला असता तर आगबोटी तोफांच्या माऱ्यात अडकल्या असत्या. पण १४ नोव्हेंबरलाच राजाची आगबोट आणि ते पडाव इंग्रजांनी पकडून नेले. बुडवायचं सामान हातचं गेल्यावर मिन्हलाच्या किल्ल्याने एकट्याने काय करायचं?

म्हणजे खलिता दोन महिने उशिरा, डिसेंबरच्या शेवटी गेला असता, तर मोहीम बहुधा पुढच्या पावसाळ्याअखेरपर्यंत ढकलावी लागली असती. निवडणुकीच्या निकालाला थांबणं म्हणजे नदीच्या एका हंगामाला मुकणं. चर्चिल घाईत होते त्यामागे मतं होती, फ्रेंच होते, तसं हेही होतं.

हर्णै_बंदर

फ्रेंचांचा उल्लेख निघालाच आहे तर त्यांचीही निवडणूक घ्या. जानेवारी १८८५ मध्ये फ्रान्स आणि मंडाले यांच्यात करार झाला. त्यानंतर फ्रान्सचे वकील म्हणून हास मंडालेला आले आणि बँक, रेल्वे अशा सवलतींची बोलणी सुरू झाली. इंग्रजांच्या पोटात गोळा आला तो यामुळे. सागवानाच्या दंडाचं प्रकरण त्यावर निमित्त म्हणून बसलं: बॉम्बे बर्मा कंपनीने तोडलेल्या ओंडक्यांचा हिशेब खोटा दिला असं म्हणत मंडालेच्या मंत्रिमंडळाने, म्हणजे ह्लुत्तोने, ऑगस्टमध्ये तिला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. ही कंपनी १८६३ साली मुंबईतच निघालेली.

पण टोंकिनमधल्या (आजचा उत्तर व्हिएतनाम) माघारीमुळे फ्रान्सचे पंतप्रधान ज्यूल फेरी यांचं सरकार ३० मार्च १८८५ लाच कोसळलं होतं. ऑक्टोबरच्या फ्रेंच निवडणुकीत वसाहतींवर खर्च नको म्हणणारे दोन्ही टोकांचे पक्ष वाढले. पॅरिसने हात झटकले, हास परत गेले. मंडालेने खलित्याला उत्तर देताना परराष्ट्र संबंधांवर फ्रान्स, इटली वगैरेंनी मत द्यावं असं म्हटलं, तेव्हा त्या आशेत काही उरलं नव्हतं.

माझ्या मते इथे लंडनच्या निवडणुकीपेक्षा पॅरिसची जास्त मोलाची. फेरी टिकले असते तर इंग्रजांनी खलिता आणखी आधी पाठवला असता किंवा फ्रान्सशी सौदा केला असता. सयामच्या बाबतीत पुढे तसा सौदा झालाच, १८९६ मध्ये.

जयगड_दीपस्तंभ

हर्णै, पटलं, पण वेळेचा मेळ बघा. फेरी पडल्यावर धोका कमी झाला होता, वाढला नव्हता. तरीही खलिता गेला. म्हणजे फ्रेंचांची भीती हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं म्हणजे सप्टेंबर: अफगाण सरहद्दीवरच्या पंजदेहवरून रशियाशी चाललेला पेच १० सप्टेंबरच्या करारनाम्याने निवळला आणि वायव्येसाठी राखलेली हिंदी फौज मोकळी झाली. तोवर मंडालेकडे वळवायला माणसंच नव्हती.

वेंगुर्ले_दांडा

माका एक सांगा, लिबरल सरकार म्हणजे राज्य परत देणारं सरकार, असं सगळे गृहीत का धरतंत?

ग्लॅडस्टन यांच्या १८८० ते ८५ च्या कारभारात दोन्ही तऱ्हेचे दाखले आहेत. एका बाजूला अफगाणिस्तान. १८८० च्या निवडणुकीत तिथली लढाई हा प्रचाराचा एक मोठा विषय होता, डिझरायली हरले, व्हाइसरॉय लिटन गेले, रिपन आले. मैवंदला मोठा पराभव होऊनही एप्रिल १८८१ मध्ये कंदाहार सोडून दिलं. निवडणुकीने युद्धाची वाट बदलली याचं याहून स्वच्छ उदाहरण हिंदुस्थानच्या इतिहासात नाही. त्याच साली म्हैसूर वडियारांना परत दिलं, माजुबाच्या पराभवानंतर दक्षिण आफ्रिकेतलं ट्रान्सवालही सोडलं.

दुसऱ्या बाजूला इजिप्त. जुलै १८८२ मध्ये अलेक्झांड्रियावर तोफा डागणारं सरकार ग्लॅडस्टन यांचंच. जॉन ब्राइट यांनी त्यावरून मंत्रिपद सोडलं. आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये बर्मिंगहॅमला चर्चिल उभे राहिले ते याच ब्राइट यांच्याविरुद्ध, आणि हरले.

मग फरक कशात होता? अफगाणिस्तानात हातात द्यायला माणूस होता, अब्दुर रहमान. म्हैसुरात वडियारांचा दत्तक वारस होता. ब्रह्मदेशात फेब्रुवारी १८७९ मध्ये सत्तर-ऐंशी राजघराण्यातली माणसं मारली गेली होती. इंग्रजांच्या आश्रयाला कलकत्त्यात असलेला न्यांगयान राजपुत्र १८८५ मध्येच वारला. दुसरा राजपुत्र मिंगून पाँडिचेरीत, फ्रेंचांच्या सावलीत. गादीवर बसवायला कोण होता तेवढं सांगा, मग लिबरलांनी काय केलं असतं त्यावर बोलू.

भाट्येखाडी

वेंगुर्ले, हाच खरा पेच आहे. पण माणूस नव्हता म्हणण्याआधी मंडालेतला डिसेंबर महिना बघू.

राजाला नेल्यानंतर ह्लुत्तो लगेच मोडलं नव्हतं. इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडन यांनी ते चालू ठेवलं. किनवुन मिंजी हा अनुभवी मंत्री हाताशी होता. १८७२ मध्ये त्याने वकिलात घेऊन युरोप पाहिला होता आणि राजाच्या हाती सगळी सत्ता नसावी असं त्याचं मत होतं. म्हणजे कारभाराचं यंत्र जागेवर होतं. एखादा अल्पवयीन राजपुत्र गादीवर, ह्लुत्तो कारभाराला आणि वर इंग्रज रेसिडेंट, ही व्यवस्था निदान कागदावर उभी राहू शकत होती. खलित्यात मागितलेलंही तेवढंच होतं: मंडालेत रेसिडेंट, परराष्ट्र व्यवहार हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्याने, कंपनीचा दंड तहकूब, चीनकडच्या व्यापाराला सोय. खालसा करण्याचा शब्द त्यात नव्हता.

१ जानेवारीच्या जाहीरनाम्याने ते यंत्र मोडायची वाट मोकळी झाली. राजा नाही, गादीही नाही म्हटल्यावर गावागावांतले मुखत्यार कोणाच्या नावाने सारा गोळा करणार? मंडाले पडताना राजाच्या सैनिकांतले पुष्कळ जण हत्यारं घेऊन पांगले होते. राजपुत्र म्हणवणारे जागोजागी उठले. फौज साधारण दहा हजारांवरून १८८६ च्या अखेरीस पंचवीस हजारांवर न्यावी लागली, पुढे त्याहून जास्त, वर लष्करी पोलीस. १८८७ मध्ये क्रॉस्थवेट चीफ कमिशनर झाले. गावावर सामूहिक जबाबदारी टाकणारा नियम आला, बंडवाल्यांना आसरा देणारी गावं उठवून दुसरीकडे बसवली गेली. १८९० पर्यंत हे चाललं. चौदा दिवसांची लढाई म्हणतात ती अशी पाच वर्षांची होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: वेगळ्या निकालाने मिन्हला आणि मंडाले वाचलं नसतं, पण ही पुढची पाच वर्षं बदलू शकली असती.

वेंगुर्ले_दांडा

ताई, आपल्याच किनाऱ्यावर दोन्ही प्रयोग झालेले आहेत, ते ताडून बघा.

कुलाब्याचं आंगऱ्यांचं संस्थान दत्तक नाकारून १८४० च्या सुमारास खालसा केलं. सावंतवाडीत १८३८ ला कारभार इंग्रजांनी हातात घेतला, पण गादी ठेवली. बंड कुठे झालं? सावंतवाडीत! १८४४ मध्ये कोल्हापूरच्या गडकऱ्यांबरोबर वाडीतही उठाव झाला, फोंड सावंत आणि त्यांची माणसं मनोहरगडावरून लढली, मग गोव्याच्या हद्दीत गेली. गादी ठेवली म्हणून लोक गप्प बसले नाहीत. राजाला बाजूला सारून सगळा कारभार एक इंग्रज अधिकारी बघतो, हे लोकांना दिसतच होतं.

तेव्हा मंडालेत नामधारी राजा बसवला असता तर उठाव टळला असता, हे मी मानत नाही. कमी झाला असता, हे मानीन. वाडीचं बंड वर्षभरात आटोपलं आणि संस्थान १९४८ पर्यंत टिकलं.

जयगड_दीपस्तंभ

सावंतवाडीचा दाखला चोख आहे. त्यात माझी एक भर, तीही भाट्येखाडीताईंच्या विरोधातच जाते.

ग्लॅडस्टन १ फेब्रुवारीला आलेच की. १ जानेवारीचा जाहीरनामा दोन ओळींचा होता. थिबाचा मुलूख व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात आला आणि व्हाइसरॉय नेमतील ते अधिकारी कारभार बघतील, एवढंच त्यात होतं. संरक्षित राज्य की सरळ हिंदुस्थानचा प्रांत, हे तेव्हा मोकळंच होतं. व्हाइसरॉय डफरिन फेब्रुवारीत स्वतः मंडालेला गेले आणि तिथून त्यांनी सरळ कारभाराची शिफारस केली. ती मान्य करणारे भारतमंत्री लिबरल किंबर्ली, आणि डफरिन यांना १८८४ मध्ये नेमणारे ग्लॅडस्टनच. नव्या सरकारला पूर्ण एक महिना मिळाला होता. त्यांनी काही बदललं नाही.

भाट्येखाडी

मान्य, पण महिन्यापूर्वीचा जाहीरनामा मागे घेणं आणि तो मुळात न काढणं यांत फरक आहे. राणीच्या नावाने निघालेला कागद फिरवला तर हिंदुस्थानभर संस्थानिकांत काय अर्थ लागेल, याची धास्ती कुठल्याही सरकारला असणार. कंदाहारच्या वेळी असा जाहीरनामा नव्हता, म्हणून सोडणं सोपं गेलं. डिसेंबरात ग्लॅडस्टन असते तर डफरिन यांची शिफारस कोऱ्या पाटीवर आली असती. तरी त्यांनी तीच उचलली असती, असं तुम्ही म्हणू शकता. मी साठ-चाळीस म्हणीन, आणि साठ खालसाच्या बाजूला. कारण वेंगुर्ल्यांनी म्हटलं तेच: राजपुत्र नव्हता.

खतावणी

पैशाचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितो.

१८५८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे हद्दीबाहेरच्या लष्करी मोहिमेवर हिंदुस्थानचा महसूल खर्च करायला पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची संमती लागते. ती संमती फेब्रुवारी १८८६ मध्ये मागितली ग्लॅडस्टन सरकारनेच. काही लिबरल सभासदांनी विरोध केला, तरी ठराव झाला. इंग्लंडचा व्यापार वाढावा म्हणून झालेल्या मोहिमेचा खर्च रयतेच्या माथी बसला.

त्याआधी, डिसेंबर १८८५ च्या अखेरीस मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. तिथला ठराव होता: उत्तर ब्रह्मदेश खालसा करू नये, करायचाच असेल तर सगळा ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा काढून सिलोनसारखी स्वतंत्र वसाहत करावी. जाहीरनामा निघाला तो एकदोन दिवसांतच. ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा व्हायला १९३७ उजाडलं.

आणि १८८६ चा कायदा क्रमांक २ म्हणजे प्राप्तिकर. वर्षाला ५०० रुपये किंवा वर मिळकत असणाऱ्याला लागू. २,००० च्या वर रुपयाला ५ पै, म्हणजे शेकडा सुमारे २.६. एकट्या ब्रह्मदेशासाठी तो बसवला असं म्हणता येणार नाही. रुपयाचा भाव घसरला होता आणि वायव्य सरहद्दीची तयारीही होती. पण लष्करी खर्चात ही मोहीम होतीच. शेतीचं उत्पन्न वगळलं होतं, त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातले खोत सुटले. कर पडला तो मुंबईतल्या दुकानदार, पेढीवाले आणि पगारदारांवर, आणि त्यांत कोकणातली माणसं होतीच.

मिऱ्या

मग राजा रत्नागिरीला आला असता की नाही?

भाट्येखाडी

बहुधा आलाच असता, मिऱ्या. दुसरा राजपुत्र गादीवर बसवला तरी पदच्युत राजाला ब्रह्मदेशापासून लांबच ठेवावं लागलं असतं. उलट जास्तच, कारण गादी शिल्लक असती. मद्रासेत तीनचार महिने ठेवून एप्रिल १८८६ मध्ये त्याला इथे आणलं. रत्नागिरी सोयीची होती: रेल्वे नाही, ब्रह्मी वस्ती नाही, समुद्राची वाट पावसाळ्यात बंद, आणि जिल्ह्याचं ठाणं असल्यामुळे कलेक्टर, पोलीस जागेवर. यातलं एकही कारण लंडनच्या निकालावर अवलंबून नव्हतं.

बदलला असता तो मुक्काम. मंडालेत त्याच घराण्यातला राजा असता तर तिथून रदबदली झाली असती, निदान राण्या-राजकन्यांना परत जाऊ द्या असा अर्ज गेला असता. प्रत्यक्षात अर्ज करायला तिकडे दरबारच नव्हता. आज दिसणारा वाडा १९१० ला बांधून झाला, राजा डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला आणि सुपायालतला रंगूनला जायची परवानगी मिळाली ती १९१९ मध्ये.

तांडेल

एक राहिलं. मंडालेच्या उत्तरेचं भामो २८ डिसेंबरला घेतलं, तेव्हा मंडालेवरचं पाणी उतरायला लागलं होतं. तरी प्रेंडरगास्ट वर गेले, कारण चीनचा रस्ता तिथून सुटतो. जाहीरनाम्याच्या चार दिवस आधी फौज उत्तरेच्या टोकाला पोचलेली होती. ग्लॅडस्टन वीस डिसेंबरला आले असते तर भामोची मोहीम थांबवणारी तार वेळेत पोचू शकली असती. लंडनहून कलकत्त्याला तार तेव्हा काही तासांत येत होती. मंडाले सोडणं अवघड होतं, भामोला न जाणं मात्र सोपं होतं. निकालाचा फरक शोधायचा तर मी आधी तिथे शोधीन.